भैताडच्या पुढे काय? नव्या वागण्यासाठी नवा टोमणा-शब्द घडवण्याची रीत

नागपुरात ‘भैताड’ (म्हणजे वेडपट) या एका शब्दावर सगळं भागतं. सिग्नल तोडणारा भैताड, छत्री विसरणारा भैताड, लग्नाचा वाढदिवस विसरणारा तर भैताडांचा भैताड. शब्द झकास आहे. तोंडात बसतो आणि प्रेमानंही म्हणता येतो. अडचण एवढीच, की समोरच्यानं नेमकं काय केलं हे त्यातून कळत नाही. बिल आलं की फोन आल्याचं नाटक करून हॉटेलच्या दारात जाऊन उभा राहणाऱ्याला भैताड म्हणणं म्हणजे त्याला सूट देणं झालं. तो कुठला भैताड, त्याचं डोकं चौघांपेक्षा जास्त चालतं!

जुन्या मराठीत हा माल भरपूर होता. काम टाळणारा कामचुकार, आयतं खाणारा आयतोबा, साहेबाच्या मागेपुढे करणारा लाळघोट्या, उंबरठा न ओलांडणारा घरकोंबडा, चाडी लावणारा चुगलखोर. वागणुकीची एकेक तऱ्हा आणि तिच्यावर चिकटवलेली एकेक चिठ्ठी. मोबाईल, रील, ईएमआय आणि फॅमिली ग्रुपच्या काळातल्या तऱ्हांना अशा चिठ्ठ्या मिळालेल्या नाहीत. त्या बनवायच्या कशा, ते इथे क्रमानं दिलं आहे. साहित्य फार लागत नाही. एक वही, पंधरा दिवस आणि स्पष्ट बोलणारी तीन माणसं पुरतात.

आधी वागणूक, शब्द मागाहून

पहिले आठ दिवस फक्त नोंदी करा. शब्द सुचला तरी बाजूला ठेवा, कारण आधी सुचलेल्या शब्दासाठी मग माणूस शोधत बसावं लागतं आणि तो टोमणा कुणालाच लागत नाही. एका नोंदीत तीन गोष्टी याव्यात: माणूस काय करतो, कोणत्या क्षणी करतो आणि त्यामुळे बाकीच्यांना काय सोसावं लागतं. तिसरी गोष्ट सापडली नाही तर नोंद खोडून टाका. कुणी भडक शर्ट घालतो, कुणी मांजरीशी बोलतो. त्यात आपलं काही जात नाही, म्हणजे आपल्याला शब्द घडवायचा हक्कही नाही.

नोंद अशी दिसली पाहिजे:

सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर न वाचलेला संदेश पुढे ढकलतो. दुपारपर्यंत कुणाला तरी ‘काकाजी, हे खोटं आहे’ म्हणून वाईटपणा घ्यावा लागतो.

अंगावर टॉवेल असताना फोनवर ‘निघालो’ म्हणतो. बाकीचे मे महिन्याच्या उन्हात व्हरायटी चौकात उभे.

धरमपेठेत कॉफीचे अडीचशे रुपये मुकाट्यानं देतो; घरी जाताना भाजीवालीकडे फुकट सांबार (कोथिंबीर) मागतो.

पुण्यात दोन वर्षं राहून आला. आता प्रत्येक गोष्टीवर ‘तिकडे असं नसते’.

सिग्नलचे आकडे पाचवर असताना मागून हॉर्न दाबतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात हेच केलं आहे. पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं एकामागून एक मांडली: स्वतःच स्वतःची स्तुती करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा, असं करत करत. माणसाचं नाव कुठेच नाही, फक्त करणी. आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात आलेला ‘पढतमूर्ख’ हा शब्द आपल्या कामाचा नमुना आहे. दोन शब्द एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि तिसराच माणूस उभा राहतो.

आठ दिवसांत दहा नोंदी झाल्या तर त्यातल्या तीन ठेवा. निवडताना एकच बघायचं: ही तऱ्हा ऐकणाऱ्याच्या ओळखीतल्या निदान दोघांना लागू पडते का? एकालाच लागू पडत असेल तर तो शब्द होणार नाही, टोपणनाव होईल.

शेपूट निवडा, खरी मेहनत इथेच

मराठीत टोमणा शब्दाच्या शेपटीत असतो. पुढचा भाग काहीही चालतो, इंग्रजीसुद्धा. मागचा भाग मात्र कानाला ओळखीचा हवा, कारण ‘आता शिवी येत आहे’ ही खूण तोच देतो. शेपटांचे गुणधर्म वेगवेगळे आहेत आणि ते माहीत नसले की चांगली नोंद वाया जाते.

‘-खोर’ आणि ‘-बाज’ ही दोन्ही फारसीतून आलेली. खोर म्हणजे खाणारा: हरामखोर, चुगलखोर, भांडखोर. बाज म्हणजे खेळणारा: दगाबाज, नखरेबाज. खोरमध्ये राग जास्त आहे, बाजमध्ये थोडं कौतुक मिसळलेलं असतं. नखरेबाज म्हटलं तर माणूस हसेल, भांडखोर म्हटलं तर भांडेल. म्हणून थट्टेच्या शब्दाला खोर सहसा लावू नये. लावायचाच तर वागणूकही तेवढी चीड आणणारी हवी.

‘-वीर’, ‘-बहाद्दर’, ‘-शास्त्री’, ‘-पंडित’, ‘-राव’, ‘-बुवा’ ही मानाची शेपटं. वरून शाल, आतून टाचणी. वर्तमानपत्रांनी ‘वाचाळवीर’ रूढ केला तो याच जोरावर. नागपूरसाठी ही शेपटं फार उपयोगाची आहेत, कारण इथे वडीलधाऱ्याला काकाजी, मामाजी म्हणून बोलावं लागतं आणि तरी बोलायचं तर असतं. ‘काकाजी, तुम्ही तर पक्के ढकलशास्त्री झाले’ असं तोंडावर म्हणता येतं. कान पकडला जातो आणि ‘जी’ही शाबूत राहतो. ईमेलच्या काळात ‘ढकलपत्र’ हा शब्द मराठीत रुळला होता, त्यामुळे ढकल म्हणजे फॉरवर्ड हे समजावून सांगावं लागत नाही. ओळखीत कुणी शास्त्री आडनावाचे असतील तर ढकलवीर घ्या. धार थोडी कमी होते, पण भांडण वाचतं.

‘-बा’ हे देवाचं शेपूट: विठोबा, खंडोबा, म्हसोबा. त्यावरूनच आयतोबा. टॉवेलवर उभं राहून ‘निघालो’ म्हणणाऱ्याला हे शेपूट जणू शिवून ठेवलं आहे: निघालोबा. त्याचंच वाक्य, त्यालाच देवपद. बाईमाणसासाठी निघालेबाई. शब्द घडवताना समोरच्याचं तोंडचं वाक्य जसंच्या तसं वापरता आलं तर ती संधी सोडू नये. त्याला नाकारताही येत नाही. ‘तिकडेकर’ही याच जातीचा. ‘तिकडे असं नसते’ म्हणणाऱ्याला ‘तिकडे’ हेच गाव देऊन टाकलं.

इथे एक सावधगिरी. विदर्भात ‘-वार’नं संपणारी आडनावं पुष्कळ आहेत आणि फुकटचा सल्ला देणाऱ्याला ‘सल्लेवार’ म्हणायचा मोह होतो. कानाला तर चंद्रपूर-गडचिरोलीकडचं अस्सल आडनाव वाटतं. नेमकं म्हणूनच टाळा. ते शेपूट ठरावीक समाजांच्या आडनावांत येतं, त्यामुळे टोमणा वागणुकीवरून घसरून समाजावर जातो. शिवाय कुणाचं तरी ते खरंच आडनाव निघू शकतं. ‘-कर’ कुणाचंही असतं, म्हणून ते सुरक्षित.

राहिली क्रियेची शेपटं. ही सगळ्यांत मराठी आणि सगळ्यांत नेमकी: कामचुकार, लाळघोट्या, गल्लाभरू, वेळकाढू, खिसेकापू. हॉटेलातल्या फोनवाल्याला ‘बिलचुकार’ यापेक्षा जास्त काही लागत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून कामचुकार बसलेला असतो, त्याच्या जागेवर हा आपोआप जाऊन बसतो. याला जुन्या शब्दाची सावली म्हणा. सावली जितकी काळी तितका नवा शब्द तिखट. चार झाडं आणि दोन पाट्यांचं उद्घाटन करत हिंडणाऱ्याला ‘फीतकापू’ म्हटलं की ‘खिसेकापू’ न बोलता ऐकू येतो, आणि बोलणाऱ्यानं तर काहीच म्हटलेलं नसतं.

‘-आड’ हे खादाडचं शेपूट. भोंगा + आड = भोंगाड: सिग्नलवर मागून हॉर्न वाजवणारा. तीनच अक्षरं, भैताडशी यमक, आणि हेल्मेटमधून ओरडता येतो. रस्त्यावरच्या शब्दाला हे तिन्ही गुण लागतात. तिथं ढकलशास्त्रीसारखा ऐसपैस शब्द उच्चारेपर्यंत सिग्नल सुटलेला असतो.

जोड कुठे फसतो

पुढचा भाग आणि शेपूट यांच्या सांध्यात बहुतेक शब्द मरतात. चार नेहमीच्या चुका पाहा.

एक, सांध्यावर सारखाच व्यंजन. ‘बिललपव्या’ म्हणून बघा. दोन ‘ल’ एकमेकांत गुंततात आणि जीभ अडखळते. रील + लाव्याचंही तेच.

दोन, आकारान्त शब्दाचा ‘ए’ विसरणं. नखरा पण नखरेबाज, खिसा पण खिसेकापू, चमचा पण चमचेगिरी. म्हणून भोंग्याला खोर लावायचाच झाला तर तो भोंगेखोर; भोंगाखोर कानाला उपरा वाटतो. गल्लाभरू या नियमात बसत नाही, तेव्हा शंका आली की दोन्ही रूपं मोठ्यानं म्हणून कानाचं ऐका.

तीन, लांबी. कामचुकार पाच अक्षरी, लाळघोट्या चार, बोलघेवडा पाच, गल्लाभरू चार. लिहिताना चार ते पाच अक्षरं हे बरोबर माप. रिकामटेकडा सहाचा आहे, पण त्याला शंभर जीभांनी घासून गुळगुळीत केलंय. नव्या शब्दाला ती सवलत नाही. ‘नोटिफिकेशन’सारखा शब्द पुढे घेतलात तर माप तिथेच संपतं, शेपटीला जागाच उरत नाही.

चौथी चूक सर्वांत जास्त होते: ॲपच्या नावावर शब्द बांधणं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, टिकटॉकवर भारतात २०२० मध्ये बंदी आली. त्या नावांवर बांधलेला शब्द आज पोट्ट्यांना समजावून सांगावा लागेल. वागणूक तीच आहे, फक्त दुकान बदललं. म्हणून ढकलणं, चुकवणं, थांबवणं या क्रियांवर शब्द बांधा, कंपनीवर बांधू नका.

उलट, उच्च-नीच जोडायला घाबरू नका. शाळेत शिकवलं जातं की तत्सम शब्दाला तत्सम प्रत्यय. टोमण्यात हाच नियम मोडला की हशा येतो. ‘गप्पिष्ट’ घ्या. गप्पा रोजच्या बोलीतल्या, शेपूट संस्कृत वळणाचं, कोपिष्टासारखं. जणू गप्पा मारणं ही ऋषीमुनींची साधना! ढकल + शास्त्री याच गमतीवर उभा आहे. ‘अग्रेषणशास्त्री’ केलंत तर तो विद्यापीठातला विभाग वाटेल.

एक शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत

नोंद: सकाळी चौघं पोहे खायला टपरीवर. प्लेटा आल्या, वरून तर्री पडली, चणे, शेव, कांदा. एकजण म्हणतो, ‘थांबा बे, हात नका लावू’ आणि फोन काढतो. वरून एक फोटो, बाजूनं एक, मग चमचा उचलून एक. तोवर शेव नरम पडते, पोहे तर्री पिऊन लगदा होतात आणि बाकी तिघांचे चमचे हवेत.

पहिली उडी बहुतेकांची ‘फोटोबाज’वर पडते. शब्द चुकलेला नाही, पण ढिला आहे. लग्नात फोटो काढणाराही फोटोबाज, वाघ बघायला ताडोब्यात जाणाराही फोटोबाज. प्लेट कुठे आहे? थांबवलेली माणसं कुठे आहेत?

म्हणून दुसरी यादी थेट पदार्थावरून. पोहेफोट्या, प्लेटपुजाऱ्या, तर्रीथंड्या. यातला ‘तर्रीथंड्या’ बराच पुढे जातो. चार अक्षरं, ढेरपोट्याच्या घडणीचा, आणि नागपूरचा शिक्का अंगावर. दोन जागी फसतो. स्त्रीलिंग करा: तर्रीथंडी. डिसेंबरातल्या सकाळचं वर्णन झालं, टोमणा गेला. शिवाय संध्याकाळी तोच माणूस पाणीपुरीच्या गाड्यावर हेच करतो, तेव्हा तर्री कुठून आणायची? पदार्थ एकच धरला की शब्दाला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही.

मग नोंदीकडे परत जायचं आणि तिसऱ्या गोष्टीकडे बघायचं: बाकीच्यांना काय सोसावं लागलं? ते ताटकळले. आता हा शब्द उघडून पाहा. ताट तर त्यात आहेच. आणि ‘कळ’ म्हणजे बटण, जी दाबली की फोटो निघतो. ताटावर कळ दाबून सगळ्यांना ताटकळत ठेवणारा: ताटकळ्या. चार अक्षरं. स्त्रीलिंग ताटकळी, अनेकवचन ताटकळे. ताट म्हटल्यावर पोहे, पाटोडी, सावजी, पिझ्झा सगळं आलं. पोटात कळ येते ती वेगळी, हवी असेल तर तीही घ्या.

हे प्रत्येक वेळी सापडेल असं नाही. पण वाट ही आहे: आधी करणाऱ्याकडून शब्द शोधा, नाही जमलं तर वस्तूकडून, आणि तरीही नाही जमलं तर सोसणाऱ्याकडून. सोसणाऱ्याच्या बाजूनं आलेले शब्द जास्त टिकतात, कारण गटात तेच बहुमतात असतात. एका नोंदीमागे निदान वीस रूपं लिहून काढा. पहिली सात-आठ कुणालाही सुचतात.

‘ताटकळ्या’ची एक उणीव सांगितली पाहिजे. तो ‘ळ’वर उभा आहे. खेड्यातल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, काळा तो काया, शाळा ती शाया. तिथं हा ताटकया होईल, पण ताटकळणंही तसंच बदलत असल्यानं गंमत शाबूत राहते. शहरात हिंदी बोलणारा मित्र मात्र ‘ताटकल्या’ म्हणेल आणि श्लेष सांडून जाईल. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथल्या बोलण्यात मुरलेली आहे. शब्द दोन्ही भाषांच्या टेबलावर चालवायचा असेल तर ळ टाळून बिलचुकारसारखा घडवा.

चार वाक्यांची चाचणी

शब्द वहीत चांगला दिसतो म्हणून चांगला नसतो. त्याला विभक्ती सोसली पाहिजे. प्रत्येक उमेदवार या चार साच्यांत मोठ्यानं म्हणून बघा:

‘काय बे बिलचुकार, कुठं चालला?’

‘लय ढकलशास्त्रीपणा करून राहिला तू.’

‘या ताटकळ्यांना कोण सांगन बाप्पा!’

‘ती तर पक्की निघालेबाई.’

पहिल्यात हाक मारता येते का ते कळतं. दुसऱ्यात भाववाचक नाम होतं का ते. -पणा, -गिरी किंवा -ई यातलं एक तरी लागलंच पाहिजे, जसं बिलचुकारी. तिसऱ्यात अनेकवचनाचं सामान्यरूप. चौथ्यात स्त्रीलिंग, आणि इथे सगळ्यांत जास्त शब्द गळतात. -या ची -ई होताना दुसराच अर्थ निघतो, तर्रीथंडीसारखा. सोपा उपाय म्हणजे -ऊ किंवा व्यंजनानं संपणारं शेपूट: फीतकापू, वेळकाढू, बिलचुकार, भोंगाड. बाई, बुवा, सगळ्यांना एकच रूप, भांडण नाही.

स्त्रीलिंग होत असलं तरी एक उलटी चाचणी करा. शब्द फक्त बायकांनाच लागतोय का? पोराच्या पगाराचा आकडा लग्नाच्या पंगतीत सांगत फिरणाऱ्या आईला ‘पॅकेजमाय’ सुचला असेल तर आधी ‘पॅकेजबाप’ करा. तो जास्त सापडतो.

मग तीन माणसांकडे जा: एक तुमच्या वयाचा, एक कॉलेजातला पोट्टा, एक साठीच्या पुढची व्यक्ती. फक्त शब्द सांगा, अर्थ सांगू नका. ‘याचा अर्थ काय असन?’ असं विचारा. तिघांतल्या दोघांनी जवळपास बरोबर सांगितलं तर शब्द ठेवा. एकानं सांगितलं तर जोड बदला. तुम्हाला खुलासा करावा लागला, की तो संपला.

हद्दही आधीच ठरवून घ्या. कॉफी-भाजीवाल्या नोंदीवरून घडवलेला ‘सांबारमाग्या’ इतवारीपासून मेडिकल चौकापर्यंत एका क्षणात कळेल, कारण आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात लोकांना इडली दिसेल. हा दोष नाही, फक्त शब्द गावचाच राहील. गावचा राहावा असं वाटत असेल तर हेच त्याचं कुंपण.

आधीपासून आहे का, ते बघा

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. तो आणि इतर अनेक कोश आता इंटरनेटवर बृहद्कोशात एकत्र शोधता येतात. शब्द तिथं टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. दिवसभर अंगठ्यानं लाइक ठोकणाऱ्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणावं असं वाटतं, पण तो शब्द मराठीत आधीच आहे आणि निरक्षर माणसाला हिणवणारा आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यावरची शिवी ज्यांना डेटा पॅक मिळाला त्यांच्यावर मारायची, म्हणजे जखम भलत्यालाच.

कुठे थांबायचं

शरीर, आजार, अपंगत्व, रंग, धंदा, धर्म, गाव आणि जात यांवर शब्द बांधायचा नाही. वागणूक बदलता येते, म्हणून तिच्यावर बोलता येतं. हे बाकीचं माणसाच्या हातात नसतं किंवा त्यानं ते का बदलावं याला कारण नसतं. मराठीतल्या जुन्या शिव्यांत जातींची नावं इतकी मिसळून गेली आहेत की लक्षातही येत नाही. ‘चांडाळचौकडी’ म्हणताना चांडाळ हे माणसांना अस्पृश्य ठरवणारं नाव होतं हे कितीजणांना आठवतं? जुन्या शब्दाची सावली घेताना ती कोणाच्या अंगावरून येते, ते आधी बघा. जातीवरून अपमान करणाऱ्याला अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू होऊ शकतो, आणि तिथं ‘गंमत केली’ हे उत्तर चालत नाही. एखाद्याचं नाव घेऊन बदनामी केली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शब्द मोकळा सोडा, माणसाच्या नावाला बांधू नका. ‘शर्माजी बिलचुकार’ लिहिलं की शब्दाची गंमत संपते आणि शर्माजींची सुरू होते.

बाजारात कसा सोडायचा

ग्रुपवर ‘मी एक नवा शब्द तयार केला आहे, ऐका’ असं लिहिणं ही त्याला मारायची खात्रीची पद्धत. शब्द वाक्यात घालून, जणू वर्षानुवर्षं चालत आल्यासारखा वापरा. आठवड्यातून दोनदा, जास्त नाही, आणि तीही नेमक्या क्षणी. बिल टेबलावर आलेलं असताना हळूच ‘आता बघ, बिलचुकारले फोन येते’ म्हटलं आणि खरंच फोन आला, की काम झालं. दुसऱ्या कुणी तो तुमच्यासमोर वापरला तर ‘हा माझा’ म्हणू नका. कुणी त्याचं रूप बदललं, बिलचुकारचं बिलचुक्या केलं, तर आनंद माना आणि गप्प बसा. पहिला बळी शक्यतो स्वतःला करा: उशिरा पोहोचलात तर ‘आला बा निघालोबा’ हे तुम्हीच म्हणा. मग इतरांना म्हणायची मोकळीक मिळते.

मोठ्या गर्दीसाठी नागपूरला मारबतीसारखा मुहूर्त नाही. मारबत म्हणजे मिरवत नेला जाणारा मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या या मिरवणुकीत काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगितलं जातं. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात आणि त्यांच्या अंगावर त्या वर्षीच्या त्रासांच्या पाट्या: महागाई, भ्रष्टाचार, खड्डे. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी म्हणजे शब्दाची शेवटची परीक्षा. तिच्यात ‘-ले’ (आपल्याकडचा ‘-ला’) लावून शब्द ओरडून बघा. ‘भोंगाडाले घेऊन जा गे मारबत’ ढोलावर चपखल बसतो. ‘फीतकापूले घेऊन जा’ही बसतो. ‘ढकलशास्त्र्याले’ म्हणताना मात्र ठेका मोडतो. तो घरातल्या ग्रुपसाठीच ठेवा.

पाटी करायची असेल तर एका पाटीवर एकच शब्द, खाली चार-पाच शब्दांत करणी: ‘भोंगाड. सिग्नल पाचवर, हात हॉर्नवर.’ जोडाक्षरं कमी असलेला शब्द लांबून लवकर वाचता येतो, हाही भोंगाडचा फायदा. ताटकळ्याची पाटी रंगवून घेत असाल तर रंगाऱ्याला कागदावर ‘ळ’ काढून द्या आणि रंग वाळायच्या आत जाऊन बघा. त्याच्या हातून ‘ल’ पडला तर श्लेष गेला, आणि पाटीखाली उभं राहून अर्थ सांगत बसायची पाळी तुमच्यावर.